उमाटे सरांचं ‘निरीक्षण’

उमाटे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्पिरिटच्या दिव्यावर मैद्याची खळ शिजवत होते. मी नागपूरहून रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून नुकतीच वर्ध्याला रुजू झाले होते. कुणीतरी सांगितलं, वनस्पतिशास्त्राच्या उमाटे सरांना भेटून घ्या, त्यांना माणसं हवी आहेत. कशासाठी, ते सांगितलं नव्हतं.

मी नमस्कार केला. सरांनी माझ्याकडे न पाहता काचेची कांडी माझ्या हातात दिली.

“ढवळा जरा. गाठी नाई झाल्या पाह्यजेत.”

मी ढवळत राहिले. सरांनी एका हस्तलिखिताच्या माथ्यावर, लेखकाचं नाव होतं तिथे, कागदाची पट्टी डकवली, अंगठ्यानं दाबली आणि ते पान माझ्यासमोर धरलं.

“हा लेख कोणाचा आहे?”

“तुम्ही नाव झाकलंत. मला कसं कळणार?”

“बस! हेच पाह्यजे.”

ही माझी मुलाखत. त्या दिवसापासून मी ‘निरीक्षण’ या त्रैमासिकाची सहसंपादक झाले. पगार नव्हता, खळ ढवळण्याचा मान मात्र पहिल्या दिवसापासून माझा.

‘निरीक्षण’ म्हणजे सरांचा जीव. विज्ञानाचं संशोधन मराठीत छापायचं, आणि तेही वर्ध्याहून, ही कल्पना त्या काळात पुष्कळांना विनोदी वाटे. पिकं, किडी, विहिरींचं पाणी, माती यांवरचे लेख येत. छापखाना लग्नपत्रिकांचा. एकदा विषारी सापांवरच्या लेखाची सुरुवातच ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ अशी झाली होती. खिळे जुळवणाऱ्याचं म्हणणं, हात सवयीनं गेला. सरांनी चुकीची दुरुस्ती पुढच्या अंकात छापली, पण ती वाचून सापांवरचा मूळ लेख मागवणारे वाचक एकदम वाढले.

सरांचा मुख्य नियम एकच होता. आलेला प्रत्येक लेख त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे जाईल. लेख कोणाचा हे परीक्षकाला कळणार नाही आणि परीक्षक कोण हे लेखकाला कळणार नाही. “लेख वाचाचा, आडनाव नाई,” असं ते म्हणत. बाकीचे संपादक ओळखीपाळखीवर अंक भरत असताना हा माणूस लेखांना बुरखे घालत बसे.

पण लोकही काही कमी नव्हते. अकोल्याच्या एका परीक्षकानं पट्टी डकवलेलं पान सरळ उजेडात धरून नाव वाचलं आणि आपल्या अभिप्रायाची सुरुवातच ‘प्रिय मित्र गोविंदराव यांचा लेख’ अशी केली. सरांनी पट्टी दुहेरी केली. मग दुसऱ्या एकानं अक्षर ओळखलं. तेव्हा सरांनी ठरवलं की लेख परीक्षकाकडे जाण्याआधी नव्यानं उतरवून काढायचे, सगळे एकाच अक्षरात. ते अक्षर होतं सरांच्या पत्नीचं, शांताकाकूंचं.

काकू मूळच्या देवळीच्या. अक्षर मोत्यासारखं आणि तोंड अगदी मोकळं. वर्ध्यालगतच्या बोरगावला, त्यांच्या घरी, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट टाकून त्या लेख उतरवत बसत, आणि एकीकडे आमटीकडे लक्ष ठेवत. मधूनच आवाज येई, “काऊन जी, हा मानूस एकच गोष्ट तिसऱ्यानं सांगून राह्यला. मी एकदाच लिवू काय?”

“जसं आहे तसं उतरव,” सर बाहेरून म्हणत.

“माह्या बोटाइले काई पगार हाय काय?”

लेखक विद्वान असो की नवखा, परीक्षकाकडे गेलेल्या पानांना शांताकाकूंच्या फोडणीचा एक बारीक वास असे. जवसाच्या चटणीचा डाग पडलेला भूगर्भशास्त्राचा एक लेख तर मी स्वतः पुसला आहे.

सर उंच होते, खांद्यात किंचित वाकलेले. धोतरावर कोट, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात अडकवलेलं भिंग. त्यांच्या तोंडी एक प्रश्न कायम असे: “कायच्यावरून?” आज उकाडा फार आहे असं म्हटलं की, कायच्यावरून? पाहुणे येणार असं कुणी म्हणालं की, कायच्यावरून? एका लग्नाच्या बोलणीत मुलाकडच्या बाजूनं त्यांना मोठ्या मानानं नेलं होतं. मुलीचे मामा म्हणाले, “मुलगी स्वभावानं अगदी गाय आहे.” सर चटकन म्हणाले, “कायच्यावरून?” मामा आतल्या दाराकडे बघायला लागले. आतून मुलगीच म्हणाली, “मलेबी हेच विचाराचं होतं.” लग्न ठरलं. पण सरांना त्यानंतर बोलणीला कुणी नेलं नाही.

आता बापूसाहेबांची गोष्ट. बापूसाहेब म्हणजे देवळीकडचे जुने मालगुजार, जमीनदार. मालगुजारी गेली होती, पण कापसातली सरकी काढण्याचा, जिनिंगचा कारखाना होता, आवाज होता, आणि ‘निरीक्षण’चा कागद त्यांच्या देणगीतून येई. त्यांना पेटी वाजवण्याचा षोक होता. एके दिवशी त्यांचा माणूस मोठं पाकीट घेऊन आला. आत लेख होता. विषय: पेटीच्या सुरांनी कपाशीच्या बोंडांची होणारी वाढ. बापूसाहेब रोज सकाळी ओसरीवर बसून पेटी वाजवत, आणि ओसरीला लागून असलेल्या वाफ्यातली कपाशी बाकीच्या शेतापेक्षा हातभर उंच झाली होती. हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कोणत्या रागानं काय होतं, तेही लिहिलं होतं. भैरवीनं पानगळ होते म्हणे.

मी लेख वाचून खुर्चीत बसून हसत होते. सर हसले नाहीत.

“काकूंकडे द्या उतरवाले. अन् दोन परीक्षक शोधा.”

“सर, हा लेख परीक्षकाकडे? आपणच नम्रपणे परत केला तर?”

“काऊन? त्याइनं काई पाह्यलं आहे. काय पाह्यलं ते आपल्याले अजून माहीत नाई.”

लेख गेला. एका परीक्षकानं पान उलटून पाहण्याचेही कष्ट घेतले नसावेत. ‘छापू नये’ एवढंच लिहिलं. दुसऱ्यानं मात्र तीन प्रश्न विचारले. सूर न ऐकलेला पण बाकी सगळं तसंच असलेला वाफा कुठे आहे? ओसरीला लागून गोठा आहे का? असल्यास त्याचं पाणी कुठे जातं?

अभिप्राय एरवी पोस्टानं जात, पण हे प्रश्न जागेवर पाहण्याचे होते, म्हणून ते घेऊन सर स्वतः देवळीला निघाले आणि मलाही सोबत नेलं. वाटेत मला सारखं वाटत होतं की परत येताना आपल्याकडे त्रैमासिक नसेल. बापूसाहेब ओसरीवरच होते. अभिप्राय वाचताना त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

“माह्या लेखावर हे कोन शहाना प्रश्न विचारून राह्यला?”

“ते मले सांगता येत नाई. त्यालेही माहीत नाई लेख कोनाचा आहे ते.”

“म्हंजे त्याले मी कोन हे ठाऊकच नाई?”

“नाई.”

बापूसाहेबांनी अभिप्राय पुन्हा पहिल्यापासून वाचला. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याशी कुणीतरी ते कोण हे न जाणता बोललं होतं. मग उठले, चपला घातल्या आणि आम्हाला घेऊन घराच्या बाजूला गेले. गोठ्याची मोरी ओसरीखालून वळसा घेत थेट त्या उंच कपाशीच्या मुळाशी जात होती.

“अरे तिच्या मायले!” बापूसाहेब म्हणाले.

पुढच्या हंगामात त्यांनी चार वाफे केले. एकाला गोठ्याचं पाणी आणि पेटी, एकाला नुसतं पाणी, एकाला नुसती पेटी, आणि एकाला यातलं काहीच नाही. सूर ऐकू न जाणारा वाफा घरापासून इतका लांब ठेवावा लागला की तिथवर गोठ्याचं पाणी हंड्यांनी न्यावं लागे. एक गडी त्या कामाला कंटाळून पळून गेला. पाऊस आला तरी बापूसाहेब छत्री धरवून शेताच्या कडेला पेटी वाजवत बसत, कारण प्रयोगात खंड पडता कामा नये. हंगाम संपल्यावर जो लेख आला, त्याचा निष्कर्ष एका ओळीचा होता: पेटीच्या सुरांचा कपाशीवर काहीही परिणाम होत नाही. दोन्ही परीक्षकांनी तो मान्य केला. अंक निघाल्यावर बापूसाहेबांनी गावात पेढे वाटले. लोकांना कळेना की काही होत नाही म्हणून पेढे कसले.

सगळ्याच गोष्टी अशा हसण्यावारी नेण्यासारख्या नव्हत्या. सिंदी रेल्वे या गावाहून एक लेख आला होता, ज्वारीच्या खोडकिडीवर. लेखकानं कापणीनंतर शेतात उरलेली धसकटं उन्हाळाभर चिरून पाहिली होती आणि पुढच्या हंगामाची अळी त्यातच दडून बसते हे दाखवलं होतं. परीक्षकांपैकी एक होते अण्णासाहेब, आमच्या संपादक मंडळातले निवृत्त हेडमास्तर. त्यांनी दोन पानं भरून स्तुती केली. असा काटेकोरपणा हल्ली दुर्मिळ, असं लिहिलं. अंकाच्या बैठकीत त्यांनी आपला अभिप्राय स्वतःच वाचून दाखवला.

लेख मान्य झाल्यावर सरांनी रिवाजाप्रमाणे नाव उघड केलं. “रामदास ताकसांडे, सिंदी.”

अण्णासाहेबांनी चष्मा काढला. त्या सुमाराला ताकसांडेंसारख्या, अस्पृश्य मानलेल्या घरांनी नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला वर्ष झालं असेल. आडनावावरून माणूस कुठल्या जातीचा ते ओळखायला इकडे कुणाला वेळ लागत नसे.

“हं,” अण्णासाहेब म्हणाले. “मग असं करू. हा लेख पुन्हा एकदा तपासून घेतलेला बरा.”

“कायच्यावरून?” सरांनी विचारलं.

अण्णासाहेब चष्मा पुसायला लागले.

“मघाशी त्या धसकटात अळी होती,” सर म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. “आडनाव कळल्यावर ती निघून गेली काय?”

बैठकीत कुणी मान वर केली नाही. लेख अंकात पहिला छापला गेला. अण्णासाहेब पुढच्या काही बैठकांना आले नाहीत. सर मात्र त्यांच्याकडे परीक्षणाला लेख पाठवत राहिले, आणि तेही, नाइलाजानं म्हणा किंवा सवयीनं म्हणा, अभिप्राय लिहून पाठवत राहिले.

अंक हातात पडल्यावर ताकसांडे वर्ध्याला आला. काटकुळा, पांढरा शर्ट नीट खोचलेला, नागपूरला शेतकी कॉलेजात कपाशीच्या विभागात नुकताच नोकरीला लागलेला. त्याला बहुधा आभार मानायचे होते. सरांनी त्याला बसवलं आणि त्याच्याच लेखातली छपाईची चूक दाखवली.

“हे प्रूफ तुवा पाह्यलं होतं ना?”

“हो सर.”

“मग हे काऊन सुटलं?”

आभाराचं राहूनच गेलं. निघताना सर म्हणाले, “आता कपाशीवरचे लेख परीक्षनाले तुह्याकडं येतील.”

“माझ्याकडे? सर, मी अजून नवा आहे. मोठमोठ्या लोकांचे लेख मी कसे तपासणार?”

“मोठे लोक कोनते ते तुले कळूच देनार नाई ना मी.”

आणि याच नियमानं एक दिवस सरांनाच गाठलं.

बोरगावच्या घरामागं सरांची थोडी जागा होती. तिथे ते वर्षानुवर्षं कपाशी लावत. कपाशीचं फूल उमलतं तेव्हा फिकट असतं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर गुलाबी छटा चढते. ती छटा किती लवकर चढते यावरून बोंड धरेल की गळेल हे आधीच सांगता येतं, असं सरांचं मत झालं होतं. फुलोऱ्याच्या दिवसांत ते पहाटेपासून स्टुलावर बसून भिंगातून फुलं पाहत. काकू चहा तिथेच नेऊन देत. कुणी पाहुणा आला तर सांगत, “ते फुलाइपाशी बसले हायेत. कोमेजल्यावर येतील.”

अखेर त्यांनी लेख लिहिला. माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “बाई, हा माझा आहे. म्हनून ह्यात मी संपादक नाई. परीक्षक तुम्ही निवडाचे, निर्णय तुम्ही घ्याचा. मले काई सांगाचं नाई.”

“सर, तुमच्या लेखाचा निर्णय मी कसा घेणार?”

“खळ ढवळता येते ना? मग हेही येते.”

लेख काकूंच्या अक्षरात उतरवला गेला. एक प्रत मी अकोल्याला पाठवली. दुसरी कुणाकडे पाठवायची याचा फार विचार केला. कपाशीच्या फुलाबद्दल आमच्या परीक्षकांत सगळ्यात जास्त कुणाला कळत होतं हे मला ठाऊक होतं. मी ताकसांडेकडे पाठवली.

अकोल्याचा अभिप्राय गोड होता. थोडे बदल करून छापावा. ताकसांडेचा आला तो मी उभ्यानंच वाचला आणि खाली बसले. त्यानं लिहिलं होतं, ‘निरीक्षणे चिकाटीने केली आहेत, पण सर्व एकाच कुंपणातील आहेत. माती एक, विहीर एक, पाहणारा एक. आणि पाहणाऱ्याला काय दिसायला हवे आहे, हे त्याला आधीच ठाऊक होते. इतर गावांतील शेतांत हेच दिसते का, ते पाहिल्याशिवाय हा लेख छापू नये.’

मी दोन्ही अभिप्राय पुन्हा पुन्हा वाचले. अकोल्याच्या बाजूनं उभं राहणं सोपं होतं. पण ताकसांडेचं एकही वाक्य मला खोडता येईना. शेवटी मी लेख परत करण्याचं पत्र लिहिलं आणि ते घेऊन, पाय ओढत, सरांच्या खोलीत गेले.

सरांनी हात पुढे केला नाही. “हातात नाई. बाकीच्या लेखकाइले पोस्टानं जाते ना?”

ते पत्र तिकीट लावून कॉलेजमधून निघालं, वर्ध्याच्या पोस्टात शिक्का खाऊन बोरगावला गेलं. पोस्टमननं ते सरांना दारात दिलं आणि म्हणाला, “सर, तुमच्याच हापिसातून हाय. काई चांगली खबर?”

त्यानंतर काही दिवस सर कॉलेजात येत, शिकवत आणि निघून जात. कुणी म्हणालं पाऊस लांबणार, तरी सर गप्प. कुणी म्हणालं प्रिन्सिपॉल बदलणार, तरी गप्प. स्टाफरूममध्ये काळजी पसरली. माणूस काही विचारत नाही म्हणजे ताप असणार, असं सगळ्यांचं मत पडलं आणि फिजिक्सच्या सरांनी काढ्याची बाटली आणून दिली.

एका दुपारी शांताकाकू थेट माझ्या खोलीवर आल्या. पदर खोचलेला.

“बाई, काय केलं तुमी हे? धड जेवून नाई राह्यले ते.”

“काकू, परीक्षकाचं म्हणणं बरोबर होतं.”

“इतके वर्षं ते त्या फुलाइपुढं बसले, तवा तुमचा तो परीक्षक कुठं गेलता?”

मी चहाचं आधण ठेवलं. काकू बसल्या. मग एकदम म्हणाल्या, “मी लेख उतरवला ना, तवा पहिल्यांदा मले समजलं, हे तिथं बसून काय पाह्यतात ते. मले वाटे, नुसते बसतात.” आणि डोळे पुसून, माझ्या हातचा चहा पिऊन त्या गेल्या.

त्याच महिन्यात ताकसांडे काही कामानं वर्ध्याला आला आणि सरांच्या घरी भेटायला गेला. मीही तिथे होते. चिवडा झाला, चहा आला. बोलता बोलता ताकसांडे म्हणाला, “सर, मागं तुमच्याकडून एक लेख आला होता, कपाशीच्या फुलावरचा. नाव विचारत नाही. पण फार राग आला मला तो वाचून.”

मी कप खाली ठेवला. काकू दारात थबकल्या.

“काऊन?” सरांनी विचारलं.

“भाषा इतकी सुंदर, नजर इतकी बारीक, आणि माणूस आपल्या कुंपणाबाहेर एकदाही गेला नाही! एवढी चांगली गोष्ट त्यानं अर्धीच सोडून दिली. म्हणून राग आला.”

“अन् तो लेख—” काकूंनी तोंड उघडलं.

“चहात साखर कमी आहे,” सर म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, ताकसांडेकडे पाहिलं आणि साखरेचा डबा आणायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

“मग तू काय सांगितलं त्याले?” सरांनी विचारलं.

“छापू नये म्हटलं. जास्त कडक झालं का, सर?”

सर भिंगाशी चाळा करत होते. कान लालबुंद झाले होते.

“नाई,” ते म्हणाले. “तेवढं कडक पाह्यजे. अजून एक सांग. त्यानं गावं पाहाची ठरवली, तर कोनती पाहावी?”

ताकसांडे खूश झाला. त्यानं पाट जवळ ओढला आणि बोटानं त्यावर जिल्हा काढायला लागला. इथे काळी माती, इथे बरड, इथे विहिरीचं पाणी, इथे नुसतं आभाळाचं. सर पुढे वाकून ऐकत होते. मध्ये मध्ये थांबवून पुन्हा विचारत होते. पुढच्या आयुष्यातही ताकसांडेला तो लेख कोणाचा हे कळलं नाही. निदान माझ्याकडून तरी नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. नोकरी सोडून मी यवतमाळला निघाले. सकाळची मोटार देवळीच्या रस्त्यानं जात होती. दोन्हीकडे कपाशी फुललेली. गाव मागे पडल्यावर एका बांधावर सायकल आडवी पडलेली दिसली, आणि शेताच्या मधोमध कोट. सर गुडघ्यांवर बसले होते. शेत कुणाचं होतं देव जाणे. शेतकरी कमरेवर हात ठेवून शेजारी उभा होता आणि त्याची बायकोही वाकून फुलात बघत होती.

कंडक्टर सरांचा जुना विद्यार्थी असावा. त्यानं गाडी थांबवली, दारातून अर्धा बाहेर आला आणि ओरडला, “सर! येता काय? जागा हाय!”

सरांनी मागे न पाहता एक हात वर केला. थांबा, असं सांगणारा. गाडी थांबली. कुणीच कुरकुर केली नाही. सगळे माना वळवून तिकडे बघायला लागले. ड्रायव्हरनं इंजिनसुद्धा बंद केलं. मी खिडकीतून हाक मारणार होते, पण मारली नाही.

बऱ्याच वेळानं सरांनी तो हात हलवला.

“जा तुम्ही,” ते म्हणाले. “हे अजून उमलाचं आहे.”